हरमॅटन : धूळ वेगळी, कोरडेपणा वेगळा

कानोकर (धागाकर्ता)

पश्चिम आफ्रिकेत नोव्हेंबर सरत आला की वारा फिरतो. गिनीच्या आखातावरून येणारा दमट नैर्ऋत्य वारा मागे हटतो आणि सहाराकडून ईशान्येचा कोरडा वारा खाली उतरतो. तोच हरमॅटन. मुक्काम साधारण मार्चच्या मध्यापर्यंत. हौसा भाषेत या दिवसांना 'हुंतुरू' म्हणतात, योरुबात 'ओये', इग्बोत 'उगुरू'. किनाऱ्यावरच्या इंग्रजांनी याला 'डॉक्टर' असं नाव ठेवलं होतं, कारण घामट हवेतून चार दिवस सुटका व्हायची. डॉक्टरचं बिल मात्र नाक, ओठ आणि एअर फिल्टर भरतात.

या वाऱ्याबद्दल सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो एकाच ठिकाणी. आकाश पांढुरकं झालं, सूर्य ताटलीसारखा दिसू लागला की 'हरमॅटन आला', आणि निळं आकाश दिसलं की 'गेला', असं धरून चालतात. वारा कुठेच गेलेला नसतो. धूळ हप्त्याहप्त्याने येते. कोरडेपणा रोज असतो. आर्द्रता दुपारी २० टक्क्यांच्या खाली, उत्तरेकडे कित्येकदा त्याहून बरीच खाली. निम्मं नुकसान या निळ्या आकाशाच्या दिवसांतच होतं.

धूळ येते कुठून? मुख्यतः चाडमधल्या बोडेले खळग्यातून. हा पूर्वीच्या अवाढव्य चाड सरोवराचा तळ. तिथली माती म्हणजे डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची सिलिकाची कवचं, पिठासारखी हलकी. तिबेस्ती आणि एनेदी या दोन डोंगररांगांच्या मधल्या वाटेने वारा नेमका या तळावर येतो. रात्री तो जमिनीपासून थोडा वर वेग धरून असतो. सकाळी उन्हाने हवा ढवळली की तो वेग खाली येतो आणि माती उठते. जगात एका जागेवरून एवढी धूळ दुसरीकडे कुठेच उठत नाही.

याचा सरळ उपयोग असा: बोडेलेच्या जवळ फाया-लार्जो हे हवामान केंद्र आहे. तिथे वारा वाढून दृश्यमानता पडली, की साधारण एका दिवसात उत्तर नायजेरियातल्या मैदुगुरी-कानो पट्ट्यात धूळ पोचते आणि आणखी एक-दोन दिवसांत किनाऱ्याकडे सरकते. युरोपीय उपग्रहाच्या 'डस्ट' रंगचित्रात हा लोट गुलाबी-जांभळा दिसतो, रात्रीसुद्धा. बार्सिलोनाच्या धूळ-अंदाज केंद्राचे नकाशे रोज मिळतात. दोन दिवसांची आगाऊ सूचना हातात असताना फिल्टर चोंदल्यावर धावाधाव करायचं कारण नाही.

ज्यांना आपापल्या क्षेत्रातलं पक्कं ठाऊक आहे त्यांनी इथे भर घालावी. अनुभवकथन नको, उपाय आणि कारणं हवीत.

ढोबळमानाने

वाचनखूण साठवली आहे. एक बाळबोध शंका: म्हणजे ही आपल्या उत्तर हिंदुस्थानातली लूच ना, फक्त पत्ता वेगळा?

कानोकर

नाही हो. लू एप्रिल ते जूनमधली, अंग भाजणारी. हरमॅटन थंडीच्या दिवसांतला. दुपारी ३० च्या पुढे पारा जातो, पण हवेत बाष्प नाही आणि ढगांचं पांघरूणही नाही, त्यामुळे रात्री जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते. उत्तर नायजेरियात पहाटे पारा एक अंकी आकड्यावर येऊ शकतो. लूमध्ये उष्माघात सांभाळायचा; इथे पहाटेची थंडी आणि दिवसभराचं न कळणारं शोषण.

आणखी एक, लेगोस (नायजेरिया) आणि आक्रा (घाना) या किनाऱ्यावरच्या शहरवाल्यांसाठी. दमट आणि कोरड्या हवेची सीमारेषा ऑगस्टमध्ये २० अंश उत्तरेच्या आसपास असते, जानेवारीत ती किनाऱ्यापर्यंत उतरते. कानो १२ अंशावर, म्हणजे हंगामभर कोरड्या बाजूला. लेगोस साडेसहा अंशावर, अगदी रेषेवर. तिथे चार दिवस कोरडे, मग पुन्हा समुद्राची हवा, असा खेळ चालतो. लाकूड आणि यंत्रांना ही ये-जा सलग कोरड्या हवेपेक्षा जास्त नडते.

बोल्टनट

जनरेटरबद्दल लिहितो, कारण नायजेरियात घर असो की कारखाना, त्यावाचून पान हलत नाही.

डिझेल इंजिनाचा एअर फिल्टर 'दर अमुक तासांनी' बदलायचा नियम या दिवसांत उपयोगाचा नाही. फिल्टरनंतरच्या नळीवर निर्वात दाखवणारा छोटा इंडिकेटर असतो, त्याकडे बघा. बहुतेक डिझेल इंजिनांना २५ इंच पाण्याइतका अडथळा ही शेवटची मर्यादा. लाल पट्टी वर आली की बदलायचा. इंडिकेटर नसेल तर लक्षणं अशी: लोड घेताना काळा धूर, फेरे खाली बसणं, एक्झॉस्ट नेहमीपेक्षा गरम.

आता खरी गोम. इंजिन मरतं ते बहुतेक वेळा फिल्टर चोंदल्यामुळे नव्हे, फिल्टर साफ करताना. क्रम असा ठेवा:

१. इंजिन बंद. झाकण उघडायच्या आधी फिल्टरचं घर (डबा) बाहेरून ओल्या फडक्याने पुसा.
२. बाहेरचा एलिमेंट (फिल्टरचा कागदी भाग) हळू, किंचित फिरवत ओढा. आपटायचा नाही. आपटला की कागदाच्या घड्या वाकतात आणि टोकाचं रबर सुटतं.
३. आतला छोटा सेफ्टी एलिमेंट जागेवर राहू द्या. तो कधीही साफ करायचा नसतो, फक्त बदलायचा.
४. घराचा आतला भाग ओल्या फडक्याने पुसा. हवेच्या झोताने उडवलीत तर धूळ सरळ इंजिनाच्या बाजूला जाते.
५. एलिमेंट फुंकायचाच असेल तर आतून बाहेर, ३० पीएसआय दाबाच्या आत, नोझल वीतभर लांब. टायरवाल्याकडचा १०० पीएसआयचा झोत कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पाडतो.
६. अंधारात आत बॅटरी धरून बघा. उजेडाचा एक जरी ठिपका दिसला तर फेका.
७. रबर बसतं त्या कडेवर बोट फिरवा. धुळीची रेघ लागली तर गळती तिथेच आहे.

फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) नळीच्या आत पांढरं फडकं फिरवणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी. फडकं मळलं तर फिल्टर कितीही नवा असो, हवा भलतीकडून येते आहे. बहुधा क्लिप सैल झालेली असते, किंवा कोरड्या हवेने रबरी कोपर तडकलेलं असतं.

रेडिएटर पंख्याच्या वाऱ्याच्या उलट दिशेने फुंका. पुढून पाणी मारलं की धूळ गाभ्यात जाऊन चिखल होते आणि तिथेच भाजली जाते.

लेगोसवासी

+१. स्प्लिट एसीचंही असंच. आतली जाळी दर पंधरवड्याला धुवायची. बाहेरचं युनिट वीज बंद करून, साध्या नळाच्या धारेने, आतून बाहेर. प्रेशर वॉशर लावला तर पातळ पत्र्यांच्या कडा आडव्या होतात आणि हवेची वाटच बंद. पंखा फिरतो आहे म्हणजे हवा जाते आहे, असं समजू नये.

काटकोन

बांधकामाचं कुणी बोललं नाही, म्हणून.

स्लॅब ओतल्यावर एक-दोन तासांत आडव्यातिडव्या बारीक भेगा पडतात आणि दोष सिमेंटला दिला जातो. सिमेंट बिचारं ठीक असतं. पृष्ठभागावरून दर चौरस मीटरला तासाला १ किलोच्या आसपास पाणी उडू लागलं की खालून वर येणारं पाणी ते भरून काढू शकत नाही. वरचा थर आकसतो, खालचा अजून ओला, मग भेग. यात ऊन दुय्यम. कोरडी हवा आणि वारा मिळून हे काम करतात. म्हणून 'आज ऊन नाही, धुरकट आहे, ओतून घेऊ' हा हिशेब फसतो.

ओतकाम वारा पडल्यावर, संध्याकाळी घ्या. साचा आणि खालची जमीन आधी भिजवून ठेवा. वाऱ्याच्या बाजूने ताडपत्रीचा आडोसा, निदान कमरेएवढा. समतल केल्या केल्या प्लास्टिक पसरा, फिनिशिंगपुरता एकेक पट्टा उघडा. घट्ट झाल्यावर ओली पोती आणि त्यावर प्लास्टिक. नुसती पोती नकोत, या हवेत ती तासाभरात वाळतात आणि वाळलेलं पोतं उलट काँक्रीटमधलं पाणी ओढतं. एरवी सात दिवसांचं क्युरिंग (ओलं ठेवणं) चालतं, तिथे दहा धरा.

गवंडी मिश्रणात वरून पाणी घालायला बघतो, त्याला अडवा. त्याने थापी सोपी चालते आणि भेगा वाढतात.

सुतारपक्षी

काटकोनरावांच्या भेगांना माझ्या भेगा जोडतो.

लाकूड हवेशी जुळवून घेतं. ८० टक्के आर्द्रतेत लाकडातला ओलावा १५-१६ टक्क्यांवर स्थिरावतो, २० टक्के आर्द्रतेत साडेचार-पाच टक्क्यांवर. म्हणजे दहा-अकरा अंकांची घसरण. आडव्या धाटणीची इरोकोची (इथलं कठीण लाकूड) फळी दर अंकाला रुंदीत साधारण ०.२ टक्के आकसते असं धरलं, तर ३० सेंटीमीटरची फळी पूर्ण जुळवून घेईपर्यंत सहा मिलिमीटर जाते. पॉलिश असेल तर वेग मंदावतो, पण शेवट तोच.

टेबलाचा माथा चारी बाजूंनी चौकटीत सरस लावून जखडला असेल, तर हे सहा मिलिमीटर कुठून तरी निघणारच. रात्री दोन वाजता बंदुकीच्या बारासारखा आवाज येतो तो हाच. माथा खालून लांबट भोकांच्या पट्टीने किंवा लाकडी खुंट्यांनी धरा, म्हणजे तो सरकू शकेल. दाराचं दिलं (चौकटीतली फळी) खाचेत मोकळं हवं, सरस फक्त चौकटीच्या सांध्यांना.

पावसाळ्यात अडकणारं दार जानेवारीत बरोबर बसतं, हे ठीक. पण जानेवारीत बरोबर बसेल असं दार बनवू नका. जूनमध्ये उघडणार नाही. हंगामात बनवायचं झालं तर बाजूला दोन-तीन मिलिमीटर जास्त फट ठेवा, गिऱ्हाईक कुरकुरलं तरी. आणि जानेवारीत पडलेली भेग लगेच पुट्टीने भरू नका. पावसात लाकूड फुगलं की पुट्टी बाहेर ढकलली जाते, नाहीतर भेग दुसरीकडे सरकते.

डॉ_निवांत

लाकूड आणि कातडी यांत फार फरक नाही, म्हणून इथेच लिहितो.

त्वचा. क्रीम कोणतं, यापेक्षा कधी लावता हे महत्त्वाचं. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात. अंग टिपून घ्या, पूर्ण कोरडं करू नका, आणि दोन-तीन मिनिटांत शिया बटर किंवा व्हॅसलीन लावा. ही दोन्ही ओलावा देत नाहीत, असलेला कोंडतात. कोरड्या कातडीवर थापलं तर कोरडेपणाच कोंडला जातो. ग्लिसरीन एकटं लावू नका. बाहेरच्या हवेत ओढायला पाणी नसेल तर ते कातडीतलंच ओढतं. वरून स्निग्ध थर हवाच. टाचांना रात्री पाण्यात पाय बुडवून, टिपून, जाड थर आणि सुती मोजे. ओठ जिभेने ओले करण्याची सवय मोडा, दर वेळी आणखी फुटतात.

नाकातून रक्त. मान मागे टाकून झोपवणं चूक; रक्त घशात उतरतं आणि उलटी होते. बसवा, पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग (हाडाचा नव्हे) चिमटीत घट्ट धरा, घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटं. मधे सोडून बघायचं नाही, तिथेच सगळे चुकतात. तेवढ्याने थांबलं नाही तर दवाखाना. पुन्हा होऊ नये म्हणून दिवसातून काही वेळा सलाईनचे थेंब.

मास्क. कापडी मास्क जाड वाळू अडवतो, दमेकऱ्याला त्रास देणारी बारीक धूळ नव्हे. एन-९५ घ्या आणि कडा चेहऱ्याला चिकटल्या आहेत का ते बघा. दमेकऱ्यांनी प्रतिबंधक इनहेलर हंगामाआधीपासून नियमित ठेवावा, धूळ आल्यावर सुरू करण्यात अर्थ नाही.

सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार). नायजेरियात हे रुग्ण जगात सर्वाधिक. थंडी आणि शरीरातलं पाणी कमी होणं, ही दोन्ही वेदनेचा झटका आणणारी कारणं हरमॅटनमध्ये एकत्र येतात. घाम येताक्षणी उडतो, त्यामुळे पाणी गेल्याचं कळत नाही. तहानेची वाट बघू नये. लघवीचा रंग फिकट आहे ना, एवढी खूण पुरे. पहाटे अंगावर गरम कपडा.

मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा दाह). हे मुद्दाम शेवटी, कारण बाकी सगळं त्रासदायक आहे, हे जीवघेणं आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्याला १९६३ साली लापेसोनी या फ्रेंच डॉक्टरने 'मेनिंजायटिस पट्टा' असं नाव दिलं. साथी कोरड्या दिवसांत चढतात आणि पाऊस आला की ओसरतात. जंतू अनेकांच्या घशात एरवीही निरुपद्रवी बसलेला असतो. कोरड्या धुळीने नाक-घशाचं अस्तर दुखावलं की त्याला आत शिरायला वाट मिळते, असं मानलं जातं. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले, सुमारे २५ हजार गेले.

अचानक चढलेला ताप, प्रचंड डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणं, मान पुढे न वाकणं. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर 'हरमॅटनची सर्दी' म्हणून रात्र काढू नका. प्रतिजैविक काही तासांत सुरू होणं हाच फरक असतो. तान्ह्या बाळात मान ताठ होईलच असं नाही. दूध न पिणं, मलूल पडणं, टाळू फुगणं बघा.

ढोबळमानाने

डॉक्टर, लस पुण्याची ना?

डॉ_निवांत

हो. 'ए' गटाच्या जंतूवरची मेनआफ्रिव्हॅक सीरम इन्स्टिट्यूटने बनवली, डोस ५० अमेरिकी सेंटच्या आत बसवून. २०१० मध्ये बुर्किना फासो, माली आणि नायजरमध्ये ती सुरू झाली आणि ज्या 'ए' गटामुळे बहुतेक मोठ्या साथी येत होत्या तो या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला. जागा रिकामी राहिली नाही, 'सी', 'डब्ल्यू', 'एक्स' उरले. त्यांच्यासाठी ए, सी, डब्ल्यू, वाय, एक्स अशी पाच गटांची लस, तीही तिथलीच; २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वांत आधी वापरायला घेतली. 'लस घेतली आहे' म्हणणाऱ्याला कोणती आणि कधी हे विचारा. जुनी एका गटाची असेल तर बाकीच्यांपासून संरक्षण नाही. आणि ती धुळीच्या दिवसांत नव्हे, आधी घ्यायची. अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

कोकोबी

घाना आणि आयव्हरी कोस्टच्या कोकोवाल्यांना हरमॅटन अर्धा शत्रू, अर्धा मित्र.

मित्र अशासाठी की शेंगा काळ्या पाडणारी बुरशी दमट हवेत फोफावते, ती कोरड्यात थबकते. बियाही लवकर वाळतात. शत्रू अशासाठी की वारा लांबला तर पानं गळतात, कोवळ्या शेंगा झाडावरच काळ्या पडून सुकतात, आणि एप्रिलनंतरच्या दुसऱ्या, छोट्या पिकाला फटका बसतो. बीही बारीक राहतं. चांगल्या मालात १०० ग्रॅमला सुमारे १०० बिया. आकडा १२० कडे गेला की भाव पडतो.

वाळवणाचा घोळ मात्र माणसाचा. आंबवलेल्या बिया या हवेत तीन दिवसांत खडखडीत दिसतात आणि पोत्यात जातात. दिसतात, असतात असं नाही. टरफल आधी वाळून आवळतं, आतलं ॲसेटिक आम्ल बाहेर पडायच्या आधीच कोंडलं जातं, मग बी आंबट, आणि गाभा ओला राहिल्याने आत बुरशी. पहिले दोन दिवस थर पाचेक सेंटीमीटर जाड ठेवा, दुपारच्या तीन तासांत चटईने झाका, दिवसातून निदान सात-आठदा परता. पाच-सहा दिवस लागू द्या. शेवटी ओलावा ७ ते ७.५ टक्के. ८ च्या वर बुरशी, ६ च्या खाली टरफल फुटून चुरा. मीटर नसेल तर मूठ आवळा: कुरकुर आवाज यायला हवा, आणि बी कापल्यावर आतल्या घड्या सुट्या दिसायला हव्यात.

आग विसरू नका. १९८३ च्या दुष्काळात घानातल्या वणव्यांनी कोकोच्या बागाच्या बागा नेल्या. बागेभोवती तीन-चार मीटर रुंद पट्टा डिसेंबरच्या आत मातीपर्यंत साफ करायचा. पाचोळा झाडाच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून हवा, पट्ट्यात एक पान नको. शिकारीसाठी आणि जमीन साफ करायला लावलेल्या आगी दुपारी वारा उठला की हाताबाहेर जातात.

लेगोसवासी

आगीवरून: पेट्रोलचा कॅन गाडीच्या डिकीत ठेवून भरू नका. कोरड्या हवेत अंगावर, कपड्यांवर, प्लास्टिकवर स्थिर वीज साठते. कॅन जमिनीवर, नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं, भरताना गाडीत जाऊन परत यायचं नाही.

विमानप्रवासाचंही सांगतो. ही धूळ म्हणजे धुकं नव्हे, ऊन चढलं की विरत नाही. दृश्यमानता १००० मीटरच्या खाली गेली तर तशीच दोन-तीन दिवस राहू शकते. सकाळचं विमान रद्द झालं म्हणून संध्याकाळचं तिकीट काढण्यात अर्थ नाही. फाया-लार्जोच्या दृश्यमानतेचा आकडा बघा आणि तारीखच बदला.

सौरभात

सोलर पॅनेलवाल्यांसाठी थोडक्यात. उत्पादन पडलं की सगळे फडकं घेऊन छतावर चढतात. आधी बघा, नुकसान काचेवरच्या धुळीचं आहे की आकाशातल्या. एक पॅनेल धुवा, शेजारचं तसंच ठेवा, दोन्हींचा शॉर्ट-सर्किट करंट लागोपाठ मोजा. फरक नगण्य असेल तर धुरकट हवाच प्रकाश खाते आहे, घासून काही होणार नाही. फरक असेल तर पहाटे, काच थंड असताना, भरपूर पाण्याने आधी धूळ वाहवून मगच मऊ ब्रश. कोरडं फडकं कधीच नाही. धुळीत क्वार्ट्झ आहे, काच ओरखडते. विषुववृत्ताजवळ पॅनेल जवळजवळ आडवी बसवतात आणि या महिन्यांत पाऊस नाही, त्यामुळे निदान १० अंशांचा उतार ठेवा, नाहीतर खालच्या कडेला गाळाची पट्टी बसते आणि तेवढीच पट्टी अख्ख्या रांगेचं उत्पादन पाडते.

बोल्टनट

सौरभातांच्या पट्टीवरून एक राहिलेलं आठवलं. यंत्रं हरमॅटनमध्ये नव्हे, हरमॅटननंतर जळतात.

चार महिने अल्टरनेटरच्या (जनरेटरचा वीज बनवणारा भाग) वेटोळ्यांवर, पॅनेलबोर्डात, विजेच्या खांबावरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर धूळ बसते. कोरडी असेतो ती वीज वाहत नाही, काही होत नाही. मार्चमध्ये पहिली दमट रात्र येते, किंवा जेमतेम शिंतोडे पडतात. जोराचा पाऊस धूळ धुऊन नेतो. शिंतोडे तिचा चिखल करतात, आणि त्यातले क्षार वीज वाहतात. मग चरचर आवाज, ठिणग्या, ट्रिप.

म्हणून फेब्रुवारी संपायच्या आत, हवा अजून कोरडी असताना, अल्टरनेटर कोरड्या कमी दाबाच्या हवेने किंवा व्हॅक्यूमने साफ करा. मग मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावा. लो-व्होल्टेज वेटोळ्याचा इन्सुलेशन रेझिस्टन्स १ मेगओहमच्या खाली असेल तर सुरू करायचा नाही, आधी वाळवायचा. मेगर लावताना व्होल्टेज रेग्युलेटरच्या वायरी काढा, नाहीतर तो जातो. कोरड्या दिवशी ५० दाखवणारा मीटर दमट पहाटे २ वर आला तर धूळ अजून आत आहे, हे समजा.

कानोकर

बोल्टनटराव, हे धाग्याच्या वर डकवतो. पाहणीची तारीख फेब्रुवारीचा तिसरा आठवडा धरू का? लेगोस पट्ट्यात दमट हवा लवकर परतते.

बोल्टनट

कानोला तिसरा चालेल. लेगोसला पहिला धरा, आणि समुद्राची हवा आठवडाभर टिकली तर पुन्हा एकदा मेगर.